शेवटचे तीन आटे

तात्या, आधी बातमी ऐका, मग बाकीचं. लासुर्ण्याच्या ट्रॅक्टरचा तो नट निघाला!

हो हो, तोच! स्टार्टरच्या पाठीमागचा, इंजिनच्या पोटाला चिकटून बसलेला. डोळ्याला दिसत नाही, दोन बोटांपलीकडं हात जात नाही, आणि सगळे कोपरे झिजून सुपारीसारखा गोल झालेला. ज्याच्यापायी आपण दोघं तुटेपर्यंत भांडलो, तो हरामखोर आज सकाळी निघाला. अख्खा निघाला. ज्यावर तो बसतो तो स्टड मोडला नाही, आटे गेले नाहीत. घाईनं लिहितोय, अक्षर बघा कसं वाकडंतिकडं येतंय. तसं माझं अक्षर तुम्ही कधी धड वाचलंत म्हणा! 'सांगवीकर, तोंडानं सांग, कागद नगं,' हेच तुमचं. पण आता तोंडानं सांगायला तुम्ही कुठं आहात? पंधरा दिवस झाले तुम्हाला जाऊन. गॅरेजच्या शेडमध्ये मी एकटा, समोर इंदापूरचा रस्ता, आणि एवढी मोठी बातमी पोटात घेऊन मी कुणाकडं जाऊ?

कसा निघाला ते मात्र लगेच सांगणार नाही. तुम्ही तरी मला कधी एका दमात काही सांगितलंत? एक साधी गोष्ट विचारली की आधी चहा, मग तंबाखू, मग तुमच्या कऱ्हाटी गावच्या माळावरची एखादी मेंढी, आणि मग कुठं उत्तर. आज मीही तुमच्यासारखंच सांगणार. ऐका गुमान.

आपली पहिली गाठ आठवते का? नऊ वर्षं झाली. मी आयटीआय करून, एका कारखान्यात दोन वर्षं काढून, नवाकोरा गोटी पान्यांचा डबा काखोटीला मारून तुमच्या शेडमध्ये आलो होतो. सांगवीला घरचा ऊस होता, पण उसात राबायचं नाही आणि कुणाच्या भोंग्यावर पळायचं नाही, एवढं पक्कं केलं होतं. तुम्ही एका ट्रॅक्टरच्या सायलेन्सरच्या बुडाशी वाकला होतात, आणि एका गंजलेल्या नटाला कोंबडीच्या पिसानं डिझेल लावत होतात. पिसानं! मला हसूच आलं.

"निघंना व्हय?" मी विचारलं.

"तू काढ की," तुम्ही मागं सरलात.

मी नटावर गोटी बसवली, दांड्याला पाईप लावला आणि सगळं अंग टाकून ओढलं. गोटी सटकली, हात जाऊन पत्र्यावर आदळला, चार बोटांची सालटी निघाली. आयटीआयच्या नावानं ठणाणा! तुम्ही हसला नाहीत. चिंधी दिलीत आणि म्हणालात, "आता आवळ."

"तात्या, काढायचाय हो तो."

"ठावं हाय. आधी आवळ. इवलासा. त्येला वाटू दे की आपण त्येच्याच बाजूचं हाय."

मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. पण आवळला. केसभर. आतून कुठूनतरी 'टिच्' असा आवाज आला, गंजाची पकड मोडल्याचा. "आता सोड," तुम्ही म्हणालात. सोडला, आणि तो हलला! तात्या, आई शपथ सांगतो, परीक्षेचा निकाल लागला तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. "आला! आला!" म्हणून मी असा बोंबललो की रस्त्यापलीकडचा चहावाला कपबशा टाकून बघायला आला. मी घाईघाईनं तो फिरवून काढायला लागलो, तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

"थांब! हात लावू नकोस."

मग तुम्ही स्वतः दोन बोटांनी, लोणी काढावं तसे, शेवटचे आटे फिरवलेत आणि नट माझ्या तळहातावर ठेवलात. म्हणालात, "ज्यानं जोर लावला त्येच्या हातात राग ऱ्हातो. राग आसला की शेवटचं आटं मोडत्यात. तवा ते दुसऱ्यानं काढायचं, थंड हातानं."

तेव्हापासून आपल्या शेडचा तो रिवाजच पडला. ज्याच्या हातून नट हलला त्यानं तिथंच हात थांबवायचा आणि हाक मारायची, "आला!" दुसऱ्यानं हातातलं काम टाकून यायचं, "थांबा, हात लावू नका!" म्हणायचं, आणि शेवटचे आटे काढायचे. बारामतीत एवढी गॅरेजं, असला खुळेपणा दुसरीकडं कुठं नव्हता. गिऱ्हाइकं हसायची. एकदा तर मी जेवत होतो, तुम्ही "आला!" म्हणालात, आणि मी भाकरी तशीच टाकून खरकट्या हातानं धावलो. तुम्ही म्हणालात, "हात धू. कालवणाचा हात बी गरमच आसतो." असली शिस्त!

काय दिवस होते ते, तात्या! आपल्या हातून निघणार नाही असा नट या पट्ट्यात अजून जन्माला यायचा होता. हात शिरत नाही? तुमची दोन बोटं शिरायची. दिसत नाही? तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मी दाढीचा छोटा आरसा आत सरकवून बघायचो, तर तुम्ही कुरकुरायचात, "आरशात डावं-उजवं फिरतं, फसशील." आणि फसलोच! लाकडी गावच्या त्या ट्रॅक्टरचा नट आरशात बघून मी अर्धा तास सोडतोय म्हणून आवळत होतो. तुम्ही शेजारी बसून बघत होतात, आणि मी घामाघूम होऊन बाहेर आल्यावर शांतपणे विचारलंत, "झाला का घट्ट?" पुढं वर्षभर कुठलाही नट आवळायचा असला की तुम्ही म्हणायचात, "सांगवीकर, आरसा आणा तुमचा."

एकदा मी विचारलं होतं, न बघता तुम्हाला कळतं कसं? तुम्ही म्हणालात, "मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आलं तर बाप हात घालून वळवायचा. तितं काय दिवा लावून बघायचा व्हता? बोटाला कळतं. डोकं कुटं, पाय कुटं." तुमच्या बापाचा कळप गेला, चारणीची रानं उसाखाली गेली, तुम्ही पाने हातात घेतलेत; पण बोटं तीच राहिली. आणि नटाशी बोलणंही तेच. जीभ टाळूला लावून 'थिर्रर्र, थिर्रर्र' करायचात, जणू तो बुजलाय आणि तुम्ही त्याला मेंढरांच्या वाड्यात घेताय. कळपाची आणखी एक वस्तू तुम्ही जपली होतीत, लोकरीची वळलेली काळी दोरी. पान्याचा दांडा हातात येत नसला की त्याच्या टोकाला ती दोरी बांधायची आणि बाहेरून हळूहळू ताण द्यायचा. "लोकर ताण धरती," म्हणायचात. "आपण दमलो तरी ती दमत न्हाय."

आणि आता ती गोष्ट. तिच्याजवळ येऊ नये म्हणून मी एवढा वेळ मेंढरं वळतोय.

तुमचा चौदा-पंधराचा रिंग पाना मी कापला.

गळीत हंगाम ऐन भरात होता. तुम्ही यात्रेला कऱ्हाटीला गेला होतात. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर इंदापूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बंद पडला आणि मला बोलावणं आलं. डिझेल पंपाच्या मागचा एकच नट, चौदाचा. पाना बसायचा, पण फिरवायला गेलं की लांब दांडा चासीवर आपटायचा. तासभर झटलो. ऊस वाळत होता, मागं गाड्यांची रांग, ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. मी तुमचा पाना, एका टोकाला चौदाचं कडं आणि दुसऱ्या टोकाला पंधराचं, व्हाईसमध्ये धरला आणि हॅक्सॉनं मधोमध कापला. कड्याची जाड भिंतही ग्राइंडरवर घासून पातळ केली. आत घातला, आणि दहा मिनिटांत नट बाहेर! लोकांनी टाळ्या वाजवल्या, तात्या. मी छाती फुगवून परत आलो. वाटलं, तुम्ही पाठ थोपटाल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी दोन तुकडे पुढं केले आणि सगळी हकीकत अंगविक्षेपांसकट सांगितली. तुम्ही ते दोन तुकडे घेतलेत आणि कापलेली तोंडं एकमेकांना लावून बघितलीत. जुळतायत का, असं.

"मेंढरं इकली तवा ह्यो पयला घेतला हुता," एवढंच म्हणालात. तुकडे चिंधीत गुंडाळलेत आणि पिशवीत टाकलेत.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही रिवाजच मोडलात. त्या दिवसापासून तुमच्या तोंडून "आला!" ही हाक बंद झाली. नट हलला की तुम्ही गुपचूप शेवटपर्यंत स्वतःच काढायचात. आणि मी "आला!" म्हणून हाक मारली की तिकडून, मान वर न करता, "काढ की तूच." चहा एकत्र, भाकरी एकत्र, बोलणं-चालणं सगळं होतं तसं, फक्त शेवटचे आटे गेले. माझ्या मनाला ते किती लागलं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चार महिने रोज वाटायचं, आज हाक येईल. मी माफी मागितली असती तर आली असती कदाचित. पण माझाही ताठा! पाना माणसासाठी असतो, माणूस पान्यासाठी नसतो, हे माझं म्हणणं. ते मी अजून सोडलेलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. तुम्ही गेलात म्हणून मी लगेच शहाणा झालो असं समजू नका.

त्यात हा लासुर्ण्याचा ट्रॅक्टर आला. मालक भगवानराव, भला माणूस, पण हाताला खाज. जुन्या ट्रॅक्टरचे इंची पाने घरात पडलेले, नवा ट्रॅक्टर मिलिमीटरचा. यांनी चौदाच्या नटाला त्यातला केसभर मोठा, साडेचार सुती पाना लावला. अख्ख्या इंदापूर तालुक्यात ही एकच चूक घरोघरी होते! तो पाना चौदाच्या नटावर बसतो, पण थोरल्या भावाची चप्पल घालून पळावं तसा. जोर आला की निसटतो. तीनदा निसटला आणि सगळे कोपरे घेऊन गेला. तो स्टार्टर निघाल्याशिवाय इंजिन मागं सोडवता येत नव्हतं, आणि इंजिन सुटल्याशिवाय क्लचला हात लागत नव्हता. आडसाली उसाच्या लागणीची नांगरट तोंडावर आलेली.

तुम्ही तीन दिवस पिसानं डिझेल लावत बसलात. थिर्रर्र, थिर्रर्र. छिन्नी घालून बघितलीत, तर हातोडीला बोटभरही जागा नाही. पूर्ण लांबीचा पाना आत शिरत नव्हता. मी म्हणालो, "एक पाना कापू द्या. नवा, माझा. दहा मिनिटांचं काम आहे."

"आज पाना कापशील. उद्या नट न्हाय निघाला तर इंजिन कापशील."

"मग काय, पावसाळाभर पीस फिरवत बसायचं?"

"बसायचं. तेला वेळ लागतोय."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. "तात्या, वेळ त्याला लागत नाही, तुम्हाला लागतोय. वय झालं तुमचं. बोटं आता पूर्वीची राहिली नाहीत."

भगवानराव तिथंच उभे होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाहीत. स्वतःच्या हातांकडं बघितलंत, आधी तळहात, मग उलटे करून बोटं. सावकाश म्हणालात, "ह्यो नट माझा हाय. तू हात लावायचा न्हाईस."

"नाही लावत!" मी म्हणालो आणि मोपेडला किक मारून सांगवीला निघून गेलो.

दोन दिवस घरी बसून राहिलो. आई म्हणत होती, जा, माफी माग. मी म्हणत होतो, त्यांना गरज पडली की बोलावतील. तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. कऱ्हाटीहून तुमच्या भावकीतला एक जण मोटरसायकलवर आला. एसटीला निघताना पायात वहाणा घालायला खाली बसलात आणि उठलाच नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं. मी त्याच्या मागं बसून कऱ्हाटीला आलो. वाटेत आपलं शेड लागलं, कुलूप होतं. मी मान फिरवली.

दहाव्याला कऱ्हेच्या काठावर सगळे जमले होते. पिंड ठेवले आणि सगळे मागं सरले. मला खात्री होती, तात्या, कावळा शिवणार नाही. तुमचं माझ्याकडं येणं निघत होतं. लोक एकेक करून काय काय कबूल करतील, पोराचं लग्न, बैलांची निगा, तरी तुम्ही हलणार नाही, आणि मग मी पुढं होऊन सगळ्यांसमोर म्हणेन, तात्या, चुकलो. पाना कापला त्याबद्दल नाही म्हणणार. न विचारता कापला त्याबद्दल म्हणेन, आणि बोटांबद्दल बोललो त्याबद्दल म्हणेन. वाक्य मोपेडवर येताना चारदा घोकलं होतं. आणि कावळा काय, लोक मागं सरतात न सरतात तोच आला आणि शिवला! लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. "पुण्यवान गडी, काय मागं ठेवलं न्हाय," कुणीतरी म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी घाई? माझं एक वाक्य ऐकायला दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मी त्या कावळ्याला दगड मारायच्या बेतात होतो, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तेव्हा आक्कांनी, तुमच्या कारभारणींनी, मला ओट्यावर बोलावलं. म्हणाल्या, "तुला काय ठावं हाय का रं? तू गेल्यावर दोन दिस सांजच्याला ओट्यावर बसून कानस घासत हुतं. काय करताय म्हनलं, तर म्हनं, हाय एक काम. आनि शेवटच्या सांजंला लई खुशीत आलं बघ. पोरावानी. म्हनलं, काय झालं वो? तर म्हनं, आदी सांगवीकराला सांगतो, मग तुला."

"काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? म्हनं, त्यो काय येत न्हाय, उद्या सकाळी मीच जातो सांगवीला."

तुम्ही माझ्याकडं यायला निघाला होतात, तात्या? वहाणा घालत होतात त्या माझ्याकडं येण्यासाठी? आणि काय सांगणार होतात? पुढचे पाच दिवस मी तेच डोक्यात फिरवत बसलो. शेड विकायचं ठरलं असेल. कुणा दुसऱ्याला भागीदार घेतला असेल. 'सांगवीकर, आता तू तुझं बघ,' असं असेल. पण मग खुशीत कशाला? काही केल्या उलगडा होईना.

आज सकाळी शेड उघडलं. भगवानराव दारात उभेच. टोपी काढली, तुम्ही बसायचात त्या रिकाम्या स्टुलाकडं बघून हात जोडले आणि चाचरत म्हणाले, "सुतकात बोलायचं न्हवतं मला. पन रान थांबलंय. तुज्यानं हुईल का, का दुसरीकडं न्हिऊ?"

दुसरीकडं! आपला नट दुसरीकडं! "बसा तिथं," मी म्हणालो. "निघेल."

म्हणालो खरं, पण हात लावणार नाही असा शब्द दिला होता तुम्हाला. ट्रॅक्टरपुढं उभा राहून मी तुमची परवानगी मागितली, मनातल्या मनात, आणि उत्तर आलं असं धरून चाललो. आणि ठरवलं, सगळं तुमच्या पद्धतीनं करायचं. पीस काढलं. डिझेल वाटीत ओतलं. छिन्नी घेतली, हॅक्सॉच्या पात्याचे तुकडे घेतले. अंगावर काटा येत होता, तालमीत कुस्तीला उतरताना येतो तसा. भगवानरावांना म्हणालो, दिवस मोडला तरी चालेल, आज हा सोडणार नाही. पोतं अंथरून खाली शिरलो, डोळे मिटले, आणि तुमच्यासारखी दोन बोटं आत सरकवली. थिर्रर्र, म्हटलं.

बोटांना नट लागला नाही. लोखंडाचं कडं लागलं.

नटावर पाना बसलेला होता! मला आधी कळेचना. असा कुठला पाना एवढ्या जागेत मावेल? कडं पातळ होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. बोटं पुढं नेली. दांडा वीतभरही नव्हता. दांड्याच्या टोकाला एक खाच होती, कानशीनं गुळगुळीत केलेली, आणि त्या खाचेत घट्ट गाठ मारलेली दोरी. लोकरीची. तिचं दुसरं टोक खाली लोंबत होतं, माझ्या कानाला लागत होतं आणि मी ते मगाशीच कोळ्याचं जाळं समजून बाजूला सारलं होतं.

तात्या, तो माझा पाना होता! म्हणजे तुमचाच, मी कापलेला! चौदाचा तुकडा. तुम्ही तो चिंधीतून काढलात, दोन दिवस ओट्यावर बसून माझ्या कापलेल्या तोंडाला खाच पाडलीत, कडं आणि झिजलेला नट यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा दाबून बसवलात आणि दोरीनं बाहेरून ताण दिलात! माझा तुकडा आणि तुमची दोरी! मी खाली पडल्या पडल्या हसायलाच लागलो. भगवानराव वरून विचारतायत, "काय झालं रं?" आणि मी नुसता हसतोय.

मी तो पाना हलकेच काढून घेतला आणि बोटांची टोकं नटाला लावली. जोर नाही, नुसती लावली.

नट फिरला.

सुटलेला होता, तात्या. तुम्ही सोडवला होतात. त्याच्यावर साडेचार सुती पाना निसटला, छिन्नी हरली, मी तर हात टेकून निघूनच गेलो, आणि तुम्ही तुमच्या त्या बोटांनी, मी ज्यांना नावं ठेवली त्या बोटांनी, एकट्यानं तो हलवलात. आणि हलल्यावर थांबलात. चार महिने स्वतःच काढून टाकत होतात, तसा काढला नाहीत. शेवटचे आटे ठेवलेत. शेडमध्ये हाक मारायला मी नव्हतो, म्हणून सांगवीला येऊन मारणार होतात. वहाणा त्यासाठी घालत होतात. आक्का, कावळा, सगळं माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. तुमचं मागं काही राहिलं नव्हतं. माझं मला देऊन तुम्ही घरी गेला होतात.

मी सगळं बळ एकवटून ओरडलो, "थांबा, हात लावू नका!"

भगवानराव दचकले. वाकून म्हणाले, "अरं मी कुटं लावतुय? कुनाला म्हनतुयास?"

"तात्यांना," मी म्हणालो. त्यांनी डोक्यावरची टोपी पुन्हा काढली.

मी बोटं पुढं केली, आणि मागं घेतली. हात असा तापला होता, तात्या, की विचारू नका. हसू, रडू, सगळं त्या हातातच उतरलं होतं. या हातानं आटे काढले असते तर तुम्ही मनगट धरलं असतं. मग मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो, शेडच्या कोपऱ्यातल्या रांजणाशी गेलो आणि कोपरापर्यंत हात बुडवून उभा राहिलो, चांगला गार होईपर्यंत. पुसला. परत आत शिरलो आणि काढले.

तीन आटे होते.